इंजिनिअरिंग फिजिक्स : विषय निवडताना घरानेही लक्ष घालावे

जे.ई.ई.चा निकाल लागून जागावाटप झाले की वस्तीतले पालक कागद घेऊन आमच्याकडे येतात. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर ही नावे सर्वांच्या ओळखीची. पण मुलीला किंवा मुलाला ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’ मिळाले की घरात चुळबूळ सुरू होते. पोर इंजिनिअर होणार की मास्तर, असे नातेवाईक विचारतात.

आम्ही बी.कॉम. झालेली कारकून माणसे. क्वांटम मेकॅनिक्स आम्हांला कळत नाही. पण अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचता येते, हिशेब मांडता येतो. आणि या शाखेत निम्मे काम हिशेबाचेच आहे. कोणता विषय केव्हा घ्यायचा, याचा हिशेब.

पवईच्या आय.आय.टी.त हा चार वर्षांचा बी.टेक. भौतिकशास्त्र विभाग चालवतो. दिल्ली आणि गुवाहाटीच्या आय.आय.टी.तही तो आहे. पहिले वर्ष बरेचसे इतर शाखांसारखेच : गणित, भौतिक, रसायन, प्रोग्रामिंग. नंतर क्लासिकल मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, इलेक्ट्रॉनिक्सची लॅब. हे विषय सक्तीचे. पुढे इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीचे विषय येतात, आणि मुलाची वाट तिथे ठरते. एकाच वर्गातला एक जण चिप बनवण्याकडे वळतो, दुसरा लेसरकडे, तिसरा कॉम्प्युटरकडे, चौथी संशोधनाकडे.

मात्र ही निवड दुकानातल्या मालासारखी नसते. विषय एकमेकांवर उभे असतात. लिनिअर अल्जेब्रा कच्चे राहिले की क्वांटम अडते. क्वांटम अडले की सॉलिड स्टेट फिजिक्स अडते. ते आले नाही तर सेमीकंडक्टरचा इलेक्टिव्ह नुसता पाठ करावा लागतो. शिवाय काही विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला शिकवले जातात; तो हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. म्हणून चौथ्या सेमिस्टरच्या आसपास पुढच्या दोन वर्षांचा कच्चा आराखडा तयार असलेला बरा.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्यांनी त्याचे २९ अभ्यासक्रम घेतले. पण त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ घेतले. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा त्यांचा प्रसिद्ध निबंध अर्थशास्त्राच्या वर्गातला नव्हे. तो मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला गेला. पाया एका विषयात पक्का आणि बाजूचे विषय डोळसपणे निवडलेले, अशी ती आखणी दिसते. आय.आय.टी.तही समाजशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान यांचे काही विषय घ्यावे लागतात. ‘सोपे मार्क मिळतात’ एवढ्यावरच ते निवडले जातात, याचे आम्हांला वाईट वाटते.

आता आमच्या मुलांची खरी अडचण. वर्गात कुणीतरी रँक विचारतो, कोट्याचा टोमणा मारतो. मग पोरगा इरेला पेटतो. एका सेमिस्टरला सहा-सात अवघड विषय घेतो, वर दुसऱ्या विभागाचा मायनर. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० साली मिळाल्या, त्या लढून मिळाल्या. टोमण्याला उत्तर म्हणून जादा विषय घेण्याची कुणाला गरज नाही. पायाचा विषय राहिला असेल तर आधी तो सोडवावा, मायनर नंतर. आणि नापास झाल्याचे पोराने घरी सांगितले तर बापाने आवाज चढवू नये. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. आय.आय.टी.त २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी फी पूर्ण माफ आहे, पण मेसचा खर्च असतोच. एक सेमिस्टर वाढले तर तो घरावर येतो.

मायनरबद्दल आणखी एक. इलेक्ट्रिकलचा मायनर केला म्हणून पदवीवरचे शाखेचे नाव बदलत नाही. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत शाखा नावानिशी छापलेली असते, आणि तिथे इंजिनिअरिंग फिजिक्स बहुधा नसते. ज्याला अशी नोकरी हवी, त्याने जुन्या जाहिराती दुसऱ्या वर्षीच वाचाव्यात. खाजगी कंपन्यांत किंवा पुढच्या शिक्षणासाठी मात्र मायनरचा उपयोग होतो. गेटला भौतिकशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

संशोधनाचे नाव काढले की आईवडिलांना वाटते, पोर परदेशी जाणार. पण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणी आहेत. अशा ठिकाणी लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग, कॉम्प्युटर जाणणारी माणसे लागतात, आणि हे सारे इलेक्टिव्हमधून शिकता येते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली की एक कोरा कागद पुढे ठेवावा. आठ सेमिस्टरचे आठ रकाने आखून झालेले आणि घ्यायचे विषय तिला लिहायला सांगावेत. घरच्यांना नावे कळली नाहीत तरी चालेल. कोणता विषय कशासाठी, हे तिने मराठीत समजावून द्यावे. सांगताना अडखळली, तर नोंदणीची मुदत संपण्याआधी तिने विभागातल्या फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरना आणि आपल्यातल्याच एखाद्या सीनियरला तो कागद दाखवावा.