आमचा मांगर आणि फर्स्ट इयरचा हाफ लॅप

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी हाफ लॅप जॉइंट केलाय. माझा इतका सैल झाला होता की फटीत फेव्हिकॉल आणि भुसा भरून, वरून पॉलिशपेपर मारून मी तो सबमिट केला. दहापैकी सात मार्क पडले! तो जॉब अजून रूमचं दार अडवायला वापरतो. असो. सांगायचा मुद्दा हा की, मला सुतारकाम येतं असा माझा समज होता.

आमचं घर मालवण तालुक्यात, कट्ट्याच्या अलीकडे. घरामागे वाडी चढत जाते. खाली माड-पोफळी, मग फणस, काजू, आणि वर किंजळ, ऐन अशी रानची झाडं. तिथेच आमचा मांगर होता. घाटावरच्या मित्रांसाठी सांगतो, मांगर म्हणजे वाडीतली लाकडी खोप. गवत, पेंढा, नांगर-दोर, काजूच्या बिया आणि दुपारी झोपलेले आजोबा, एवढं सगळं त्यात मावतं.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. मी दहावीत होतो, परीक्षा रद्द झालेली बॅच. सकाळी वाडीत गेलो तर मांगराची कौलं पोफळीत पडलेली आणि छप्पर एका अंगावर कललेलं. शेजारी एक किंजळ आणि एक म्हातारा फणस मुळासकट उपटलेले. आजो (आम्ही आजोबांना आजोच म्हणतो) त्या फणसाजवळ बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "आता ह्येचोच मांगर करूया."

हे वाटतं तितकं भावुक वाक्य नाही, त्यात हिशोब आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस, आंबा, ऐन, किंजळ ही सगळी झाडं आहेत. उभं झाड तोडायचं तर परवानगी काढा. इथे झाडं आयती आडवी झाली होती. पंचनामा झाल्यावर लाकूड कापून, मधे पट्ट्या घालून, पडवीत थप्पी लावली. मधल्या पट्ट्यांनी वारा खेळतो, लाकूड सगळीकडून सारखं सुकतं आणि पिळत नाही. चार वर्षं ती थप्पी तशीच होती. आजोचं वय मात्र थांबलं नव्हतं. २०२५ च्या एप्रिलअखेर माझी परीक्षा संपली तेव्हा तो म्हणाला, "यंदा नाय झालो तर माझ्या डोळ्यांदेखत होवचो नाय."

पाऊस सात जूनला धरतात. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे. माणसं तीन: वाडीतले मेस्त्रीकाका, बाबा आणि मी. मेस्त्रीकाकांकडे वाकस, पटाशी, गिरमिट, गुण्या, ओळंबा. माझ्याकडे मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर.

आराखडा पंधरा बाय बारा फुटांचा. फणसाचे सहा खांब, किंजळीच्या तीन तुळया, वर आढं, आढ्यावरून खाली वासे. वासे जुन्या माडाचे. माडाचं लाकूड बाहेरून लोखंडासारखं आणि आतून भुसभुशीत असतं, म्हणून वासा बाहेरच्या भागातूनच काढायचा. हॉलो शाफ्ट का चालतो हे मेकॅनिकलवाल्यांना माहीत आहेच. माडाने ते आपल्या आधी केलंय.

मेस्त्रीकाकांनी मला पहिली तुळई दिली. तिच्या दोन्ही टोकांना कुसू काढायचे, ते खांबाच्या भोकात बसणार. पुस्तकातला मॉर्टाईज-टेनन तो हाच. मी दोन खांबांमधलं अंतर मोजलं आणि बरोबर तेवढीच तुळई कापली. कुसू त्यातूनच काढायचे होते! प्रत्येक टोकाला तीन इंच, म्हणजे तुळई सहा इंच आखूड. वादळाने दिलेलं, चार वर्षं सुकवलेलं लाकूड मी अर्ध्या तासात बाद केलं. मेस्त्रीकाका काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मेल्या, कॉलेजात हेच शिकवतत?" आजो लांबून बघत होता, तो हसला नाही. ते जास्त लागलं.

जादा लाकूड नव्हतं. शेवटी बाकीच्या दोन तुळयाही सहा इंचांनी कापल्या आणि मांगर साडेअकरा फुटांचा केला.

पुढचे जोड काकांनी समोर बसून करून घेतले, आणि तिथे एक गोष्ट शिकलो जी कुठल्या व्हायव्हात कुणी विचारली नाही. खांबाला भोक, तुळईला कुसू, आणि दोन्हींच्या आरपार एक लाकडी खुंटी. मी दोन्हीकडची खुंटीची भोकं एका रेषेत आखली होती. काका म्हणाले, "कुसवावरचा वायंच मागे मार." मागे म्हणजे तुळईच्या खांद्याकडे, दोन-तीन मिलिमीटर. आता निमुळती खुंटी ठोकली की ती सरळ व्हायला बघते आणि कुसू भोकात आत खेचते. जोड आवळतो, खिळा नाही, नट-बोल्ट नाही. पुढे लाकूड थोडं आकसलं तरी खुंटीचा ताण राहतो. खुंट्या जुन्या मांगराच्या वाळलेल्या ऐनाच्या केल्या. पहिली बसली तेव्हा 'कर्र' असा आवाज आला. मी त्या जोडात नख घालून पाहिलं, गेलं नाही.

जुन्या मांगराचे खांब जमिनीत पुरलेले होते, म्हणून बुडाला वाळवी लागली. यंदा खांब दगडी तळखड्यावर ठेवले आणि बुडाला काजूच्या टरफलांचं तेल पाजलं. पण पुरलेला खांब स्वतःहून उभा राहतो, दगडावर ठेवलेला राहत नाही. चार बाजूंची चौकट ढकलली की कलते, त्रिकोण कलत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात खांब-तुळईला तिरके आधार दिले. दुसरा धोका वाऱ्याचा. इथे माझा कॅल्क्युलेटर कामी आला. वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, दाब येतो ४६३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४७ किलो. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात, एक सव्वादोन-अडीच किलोचं, म्हणजे वजन ३५ किलोच्या आसपास. मांगर चारी बाजूंनी उघडा. वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. तौक्तेत कौलं पोफळीत का गेली ते वहीच्या अर्ध्या पानात कळलं. नुसत्या वजनावर भरवसा ठेवलेला, आणि वासे बांधले होते ते काथ्याने, तोही कुजलेल्या. म्हणून या वेळी कडेची आणि आढ्याची कौलं तारेने रिपांना बांधली, वासे पट्टीने तुळईला धरले, आणि तळखड्यात सळई बसवून खांब तिला अडकवला. काकांना सळई पसंत नव्हती. "घर काय उडान जातला?" म्हणाले. आजो म्हणाला, "गेलेला." विषय संपला.

उतार सहा फुटाला साडेतीन फूट, सुमारे तीस अंश. मंगलोरी कौलाला यापेक्षा फार कमी चालत नाही, आमच्याकडचं पाणी आडवं येतं. (ही कौलं १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात सुरू केली, नाव तिथूनच पडलं.)

आणि मग २०२५ च्या पावसाने दगा दिला. सात जून कुठला, वीस मेच्या सुमारालाच धो-धो सुरू झाला आणि २५ मेला मॉन्सून अधिकृतपणे देवगडला पोचला! आमची एका पाख्यावरची कौलं चढली होती, दुसरा उघडाच. पाचशेच्या आसपास कौलं, निम्मी खाली. ताडपत्री बांधून दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा शेजारचे चारजण न बोलावता आले, ओळ लावली आणि हातोहात कौलं वर गेली. मी आढ्यावर बसलो होतो. संध्याकाळी साडेपाचला शेवटचं कौल बसलं, सहाला सर आली.

आजोने बाज त्याच रात्री आत नेली. पण सहा इंच कमी पडल्यामुळे ती आडवी बसेना, तिरकी टाकावी लागली. अजून तशीच आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात एक कौल गळतं, त्याखाली घमेलं ठेवलंय. सुट्टीत गेलो की बदलीन.