रिकाम्या कंटेनरमधील वाद्यवृंद

न्हावा-शेव्याच्या बंदराशी आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा संबंध आहे. कोणाचा माल तेथून परदेशी जातो, कोणाचा तेथे उतरतो, तर आमच्यासारखे काही जण कस्टम क्लिअरिंगची कागदपत्रे सांभाळून उदरनिर्वाह करतात. २६ मे १९८९ रोजी हे बंदर कार्यान्वित झाले, आणि त्यानंतर काही वर्षांतच थोरल्या बंधूंनी पनवेलला कार्यालय थाटले. तेव्हापासून आमच्या घरात 'कंटेनर' या शब्दाचा अर्थ एकच : भाडे, सीलचा क्रमांक, वजनाची पावती आणि वेळेत न सुटल्यास होणारा दंड. त्या लोखंडी पेटीचा संगीताशी काही संबंध असू शकेल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

तो संबंध माझ्या पुतण्याने जुळवला. दिवसा तो वडिलांच्या हाताखाली बिल ऑफ एंट्री भरतो आणि रात्री संगणकावर संगीतरचना करतो. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात समुद्रमार्गे व्यापारास निघालेल्या एका सार्थवाहाची नृत्यनाटिका बसवायचे ठरले. तिचे बारा मिनिटांचे संगीत त्याच्याकडे आले. वादळ, जहाजाचे हेलकावे, बुडत्या मालाकडे पाहणारा व्यापारी आणि शेवटी दिसणारा किनारा, असा तो प्रसंग. त्याला हवा होता मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद. मंडळाकडे त्यासाठी होते काही हजार रुपये.

असा वाद्यवृंद म्हणजे केवढा पसारा, हे आधी समजून घेऊ. पूर्ण आकाराच्या सिंफनीत केवळ तंतुवाद्येच साधारण साठ असतात : सोळा पहिली व्हायोलिन, चौदा दुसरी, बारा व्हायोला, दहा चेलो आणि आठ डबल बास. त्यांत सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये मिळवली की नव्वदीच्या पुढे आकडा जातो. मुंबईने असा थाट पाहिलेला आहे. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपला वाद्यवृंद उभा केला, तेव्हा शंभराहून अधिक वादक एकत्र बसले होते आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यांच्यासोबत गायले होते. पुढे १९७७ मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्याच्या निमित्ताने गुरूंचे नाव घरोघरी पोहोचवले. आपल्या मराठी चित्रपटापुरते बोलायचे तर अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी थेट हॉलिवूडमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला.

ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्यासाठी सँपल लायब्ररी असते. कल्पना सोपी आहे. खरे वादक एका दालनात बसवायचे, प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळ्या तऱ्हेने मुद्रित करायचा आणि ते हजारो तुकडे कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडायचे. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तयार झालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असे. तो सुमारे आठ सेकंद वाजून संपे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील फेअरलाइट या यंत्राने तेच काम संगणकाकडे सोपवले. आज व्हिएन्ना, लंडन येथील संस्था अशी संपूर्ण ग्रंथालये विकतात. व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीची सुरुवात तर एका चेलोवादकानेच केली. व्हिएन्नाचे मूळ मुद्रण मुद्दाम कोरड्या, प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत झाले. लंडनच्या स्पिटफायर संस्थेचे बरेचसे मुद्रण पूर्वी चर्च असलेल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये झाले. पहिल्यात खोली आपण घालायची, दुसऱ्यात ती मालाबरोबरच येते.

पुतण्याने अशी एक लायब्ररी रीतसर विकत घेतली आणि वादळाचा प्रसंग रचला. आम्ही ऐकला. प्रत्येक वाद्य जागच्या जागी होते, तरी वादळ ग्लासभर पाण्यातले वाटत होते. त्याने आवाज वाढवला. तो मोठा झाला, भव्य झाला नाही. त्याने तोच व्हायोलिनचा भाग चार वेळा उतरवून एकमेकांवर ठेवला, तरीही तेच.

येथे थोडा हिशेब मांडावा लागतो आणि तो आपणा व्यापाऱ्यांना गंमतीचा वाटेल. एका व्हायोलिनच्या जागी दोन वाजली की आवाज दुप्पट ऐकू येत नाही. तो केवळ ३ डेसिबलने चढतो. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे एकाच्या जागी दहा वादक हवेत. मग साठ वादकांचा खर्च कशासाठी? कारण त्या साठांपैकी कोणतेही दोघे अगदी एकसारखे वाजवत नाहीत. कोणाचा स्वर केसभर वर, कोणाचा गज क्षणभर मागे, प्रत्येकाची बैठक वेगळी. त्या सूक्ष्म फरकांतून जो पडदा विणला जातो, त्याला आपला कान 'समूह' म्हणतो. तोच तुकडा चार वेळा ठेवणे म्हणजे एकाच माणसाच्या चार छायाचित्रांना सभा म्हणणे होय.

दुसरी चूक याच्या उलट होती. लायब्ररीतील 'सोळा व्हायोलिन' हा आवाज घेऊन त्याने चार स्वरांचा स्वरमेळ दाबला, तेव्हा प्रत्यक्षात चौसष्ट व्हायोलिन वाजली. खऱ्या वाद्यवृंदात सोळाच जण आपसांत स्वर वाटून घेतात. माणसे वाढली आणि आकृती पुसट झाली.

यानंतरचे काम म्हणजे ध्वनिरचना, ज्याला या व्यवसायात साउंड डिझाइन म्हणतात. त्याने आधी गर्दी कमी केली. तंतुवाद्यांच्या समूहावर एकाच व्हायोलिनची स्वतंत्र रेघ ठेवली. समूहाला चेहरा आला. डबल बासच्या खाली, त्याच स्वरात, साध्या कंपनाचा एक संश्लेषित आवाज इतका हलका ठेवला की तो ऐकू येऊ नये, पण काढून घेतल्यास जमीन सरकल्यासारखे वाटावे. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि मोबाइलच्या लहान स्पीकरला तो पेलत नाही. म्हणून त्या आवाजात थोडी खरखर, म्हणजेच वरचे उपस्वर, मिसळले. मूळ स्वर गाळला गेला तरी उपस्वरांवरून कान त्याची भरपाई करतो. ही युक्ती मला फार आवडली.

भव्यतेचा उरलेला भाग असतो जागेचा. १९४९ च्या 'महल'मधील 'आएगा आनेवाला' हे गाणे आठवा. गाणारी दूरवरून जवळ येते आहे असा भास हवा होता, तेव्हा लताबाईंनी खोलीच्या एका कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत यावे, अशी योजना केली गेली. यंत्रे फारशी नव्हती, पण अंतरालाही सूर असतो हे त्या मंडळींना ठाऊक होते. 'इन्सेप्शन' (२०१०) या चित्रपटासाठी हान्स झिमर यांनी पियानोचे पेडल दाबलेले ठेवून त्याच्या मोकळ्या तारांवर पितळी वाद्ये वाजवून घेतली आणि तारांची घुमणूक मुद्रित केली. मोठेपणा वाद्यात जितका असतो, तितकाच ते जेथे घुमते त्या पोकळीत असतो.

“काका, आपल्याकडे कोणती पोकळी आहे?” पुतण्याने विचारले, आणि उत्तरही त्यानेच दिले.

एका रविवारी उरणच्या रस्त्यावरील एका परिचिताच्या यार्डात आम्ही परवानगी घेऊन गेलो. दादांनी दोन अटी घातल्या होत्या. कंटेनरला कीटकनाशकाची धुरी दिलेली नसावी, आणि एक माणूस सतत बाहेर, दाराशी उभा असावा. तो माणूस म्हणजे मी. पुतण्याने चाळीस फुटी रिकाम्या कंटेनरच्या एका टोकाला फुगा फोडला आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या यंत्राने त्याचा ठणका टिपला. या ठशाचा उपयोग असा : संगणक त्यावरून त्या पोकळीचा स्वभाव शिकतो आणि मग कोणताही आवाज त्या पोकळीत वाजल्यासारखा करून देतो. याला कन्व्होल्युशन रिव्हर्ब म्हणतात. आमच्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर आणि उंचीही जवळजवळ तितकीच. त्यामुळे सेकंदाला ७३ कंपनांच्या आसपासचा स्वर आडवा आणि उभा दोन्हीकडून घुमतो व बाकी सगळ्यांना झाकतो. घरी आल्यावर पुतण्याने नेमका तेवढाच भाग कमी केला.

परत येताना त्याने आणखी माल भरून घेतला. दार आपटण्याचा आवाज अर्ध्या वेगाने वाजवला की तो एक सप्तक खाली उतरतो. तो मोठ्या ढोलाच्या खाली बसला. कडीच्या दांड्याचे करकरणे उलटे वाजवले, तेव्हा ते लाट उसळण्यापूर्वीच्या श्वासासारखे झाले. फळांच्या शीत कंटेनरची गुणगुण आपल्या विजेच्या ५० आवर्तनांमुळे १००च्या जवळपास असते, म्हणजे पाश्चात्त्य जी स्वराच्या अगदी निकट. ती थोडी उतरवून त्याने चेलोच्या पोटात लपवली. मुख्य आवाज वाद्यांचाच राहिला. बंदर त्याच्या मागे, अंधारात उभे होते. या वेळी वादळ ऐकताना वहिनींनी हातातले निवडण्याचे ताट खाली ठेवले.

दादा मात्र गप्प होते. शेवटी म्हणाले, “साठ माणसे नाहीत आणि साठ माणसांचा आवाज आहे. ही भेसळ नव्हे काय?”

प्रश्न थट्टेचा नव्हता. आमचे वडील दुकानातील मुनीमजींना अचौर्य व्रताचे अतिचार तोंडपाठ करायला लावत. त्यांत कमी-अधिक मापाच्या जोडीला 'प्रतिरूपक व्यवहार' येतो : अस्सल मालासारखा दिसणारा दुसरा माल त्याच्या नावाने खपवणे. दादा त्याच तालमीत वाढलेले.

पुतण्याने शांतपणे उत्तर दिले. लायब्ररीतील प्रत्येक स्वर कोणा खऱ्या वादकाने वाजवलेला आहे. परवाना विकत घेताना तो आपल्या रचनेत वापरण्याची मुभा मिळते, ते तुकडे पुढे विकण्याची मिळत नाही. चोरीची प्रत फुकट मिळत होती, ती त्याने घेतली नव्हती. “आणि भेसळ,” तो म्हणाला, “मालात नसते पप्पा, लेबलात असते.”

दादांनी तेवढ्यावर हिशेब मिटवला नाही. “मग ज्यांचे काम या पेटीने गेले, त्यांचे काय?”

याला उत्तर नव्हते. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या जाणत्या वादकाने १९७०च्या दशकात मिनीमूग हा सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला, तेव्हा तो वाद्यवृंदातील एक नवा रंग होता. पुढे कीबोर्ड आणि संगणक संपूर्ण वाद्यवृंदाच्या जागी बसू लागले आणि स्टुडिओंतील व्हायोलिनच्या रांगा ओसरत गेल्या. त्या रांगांत बसलेले एक वृद्ध गृहस्थ नवी मुंबईत राहतात, असे एका परिचिताकडून कळले. वरची ती एकल रेघ संगणकाऐवजी त्यांनी वाजवावी असे ठरले, आणि मंडळाने पुतण्याला देऊ केलेल्या मानधनाचा मोठा भाग त्यांच्या पाकिटात गेला.

ते आले, कानाला यंत्र लावून वादळ ऐकले आणि म्हणाले, “तुमची सोळा माणसे फार शिस्तीची आहेत. आमच्यात दोघे तरी उशिरा आलेले असायचे.” मग त्यांनी तीच ओळ तीन वेळा वाजवली, दर वेळी खुर्ची थोडी सरकवून. तीनही मुद्रणे ठेवली गेली. संगणकातील समूह एकाएकी माणसांचा झाला. साठांत तिघांची भर पडली, आणि तिघेही तेच होते, तरी तीन छायाचित्रे वाटली नाहीत. कारण दर वेळी हात नव्याने चालला होता.

कार्यक्रमाची पत्रिका छापायला जाण्यापूर्वी कच्ची प्रत घरी आली. उत्साही कार्यकर्त्यांनी तीत लिहिले होते, 'शंभर वादकांच्या भव्य वाद्यवृंदासह'. दादांनी चष्मा लावला, लाल पेनाने ती ओळ खोडली आणि समासात स्वच्छ अक्षरांत लिहिले : 'संगीत संगणकावर रचलेले. व्हायोलिन :' आणि पुढे त्या वृद्ध वादकांचे नाव. मग क्षणभर थांबून, आपल्या चलनांवर सही करतात तशीच त्याखाली सही केली.