नव्या गावात भाजीवालीला काय विचारावं?

(वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय तसा घरगुती आहे. माणूस नव्या गावी राहायला जातो, तेव्हा ताजी, चवीची भाजी त्याला कशी सापडते? मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे मधेमधे वनस्पतिशास्त्र येईल, त्याला इलाज नाही. पण सुरुवात घरापासून करते.

आम्ही मूळचे लातूरकडचे. माझ्या निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे कर्जतला आलो. बरोबर माझी आई. वय 78, आणि गाव सोडून राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. उन्हाळ्यात आलो आणि दोन महिन्यांत तिचं जेवण निम्म्यावर आलं. ताटात भाजी तशीच राहायची. विचारलं तर म्हणायची, “भूक नाही गं.” डॉक्टरांनी तपासलं, आजार काही निघाला नाही. म्हणाले, खाणं वाढवा. सांगणं सोपं असतं!

मी काय केलं? जी चूक बहुतेक सगळे करतात तीच केली. लातूरला जे खात होतो, तेच इथे शोधत बसले. करडईची कोवळी भाजी, चुका, अंबाडी. करडई मिळेचना. मेथी मिळायची, पण तिच्यात मेथीचा वासच नाही.

भाजी शिळी होते म्हणजे नेमकं काय होतं?

पान तोडलं म्हणजे ते लगेच मरत नाही. त्याचं श्वसन चालूच राहतं. मुळाकडून पाणी येणं बंद झालेलं असतं, पण पानातून पाणी उडत राहतं. साठवलेली साखर पान स्वतःच खर्च करून टाकतं. म्हणून शिळ्या भाजीची गोडी जाते. क जीवनसत्त्वही झपाट्यानं कमी होतं, उन्हाळ्यात तर जास्तच. शेतातून घाऊक बाजार, तिथून व्यापारी, मग दुकान, असा प्रवास झाला की पाणी मारून पानं टवटवीत दिसतात. चव मात्र परत येत नाही. पालेभाजीला हे सर्वात जास्त लागू. भोपळा, सुरण, कांदा यांना प्रवासाचं एवढं काही वाटत नाही.

म्हणजे पालेभाजी जवळची हवी. आता जवळ काय उगवतं, हे तुम्ही ठरवत नाही. ते तिथली माती आणि पाऊस ठरवतो.

“हा तर तरोटा!”

जून लागला. पहिले दोन-तीन पाऊस झाले आणि स्टेशनबाहेर आसपासच्या ठाकूर, कातकरी वाड्यांमधल्या बायका टोपल्या घेऊन बसायला लागल्या. टोपलीतलं मला एकही पान ओळखू येईना. शास्त्राची शिक्षिका, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही येत नाही! मी आठवडाभर नुसती बघून पुढे जायचे.

एक दिवस आई बरोबर होती. ती थांबली, वाकली, एक जुडी उचलून हुंगली आणि म्हणाली, “अगं, हा तर तरोटा!” भाजीवाली म्हणाली, “नाय आजी, टाकला हाय.” दोघींचं खरं होतं. इकडे ज्याला टाकळा म्हणतात, त्यालाच आमच्याकडे आणि विदर्भात तरोटा म्हणतात. शास्त्रीय नाव सेना टोरा. पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या, आणि संध्याकाळ झाली की त्या मिटतात. पुढे पिवळी फुलं, मग लांब बारीक शेंगा. भाजी करायची ती फुलं यायच्या आधीच्या कोवळ्या पानांची.

आमच्याकडे तरोट्यात डाळ, लसूण आणि दाण्याचा कूट. मावशींनी सांगितलं, कांदा परतायचा, फणसाच्या आठळ्या घालायच्या आणि वरून ओलं खोबरं. त्या रात्री तिच्याच पद्धतीनं केली. आईनं भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. म्हणाली, “खोबरं जरा जास्तच झालंय.” तक्रार केली म्हणजे जेवणात लक्ष आलं, हे मी ओळखलं!

मग एकेक ओळख निघत गेली. कुर्डू तिला माहीतच होता, ज्वारीच्या रानात तण म्हणून उपटलेला. घोळ तर आमच्याच इमारतीच्या कुंडीत उगवलेली तिनं दाखवली. सांगायचं हे की, नवं गाव आपल्याला वाटतं तेवढं अनोळखी नसतं. नावं बदललेली असतात. आणि आपल्यापेक्षा घरातली म्हातारी माणसं ते लवकर ओळखतात, म्हणून त्यांना बाजारात न्या. आम्ही उलट करतो, “तू दमशील, घरीच बस” म्हणतो.

शेवळांनी शिकवलेला धडा

आता माझी फजिती सांगते. टाकळा जमला, त्यामुळे हुशारी चढली. पुढच्या आठवड्यात शेवळं घेतली. शेवळं म्हणजे सुरणाचाच रानटी भाऊबंद. कंदातून पानाच्या आधी फुलाचा दांडा वर येतो, तो आपण खातो. मावशींनी जुडीबरोबर मूठभर हिरवी छोटी फळं दिली. मला वाटलं, कसलीतरी कच्ची फळं आहेत, चुकून आली असतील. टाकून दिली. भाजी केली, पहिला घास घेतला आणि जीभ, घसा, सगळं खाजायला लागलं. नशीब, आईला आधी वाढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, काकडं टाकली का?” मी म्हटलं, ती तर फेकली. “मंग खाजणारच!”

याचं शास्त्र असं. शेवळं, अळू, सुरण या एकाच कुळातल्या वनस्पती. त्यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. जनावरांनी खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. त्या सुया जिभेला, घशाला टोचतात. म्हणून अळूच्या फदफद्यात चिंच असते आणि शेवळांत काकडाच्या फळांचा आंबट रस. शिवाय शेवळं साफ करताना आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, तो सर्वात खाजरा. मग नीट परतून, आंबट घालून पूर्ण शिजवायची. बरोबर सोललेले वाल घातले तर काय चव येते! आमच्या घरी आता जूनमध्ये त्याची वाट बघतात.

तर शेवळं आणि काकडं एकाच टोपलीत येतात, त्याला कारण आहे. पाककृती टोपलीतच असते. आपण अर्धी विकत घेतो आणि अर्धी फेकून देतो.

चार प्रश्न

तेव्हापासून अनोळखी भाजी दिसली की मी चार प्रश्न विचारते. हे लिहून घेतलंत तरी चालेल.

पहिला, साफ कशी करायची? कुठला भाग खायचा, कुठला टाकायचा. भारंगीचा पाला कडू असतो, तो उकडून, पिळून पाणी टाकतात. बांबूच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ते बारीक चिरून, पाण्यात ठेवून, उकळून, पाणी फेकल्याशिवाय खायचेच नाहीत.

दुसरा, कशाबरोबर शिजवायची? डाळ, वाल, खोबरं की आंबट? ही जोडी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलेली असते.

तिसरा, कुठून आणली? माळावरची, डोंगरातली असेल तर उत्तम. रुळांच्या किंवा गटाराच्या कडेची नको. तिथल्या मातीतले घातक धातू पानात उतरू शकतात आणि ते धुऊन जात नाहीत.

चौथा, अजून किती दिवस मिळेल? यातून त्या गावाचं वर्ष कळतं. कर्जतचं वर्ष मला असं कळलं: जूनमध्ये शेवळं, टाकळा. जुलै-ऑगस्टमध्ये फोडशी, कुर्डू, कंटोळी. भात कापल्यावर त्याच शेतात, जमिनीतल्या ओलीवर वाल होतो. तो मोड आणून, सोलून बिरडं करायचं. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजलेली. उन्हाळा लागताना फणसाची कुयरी. एवढं असल्यावर करडईची भाजी नाही म्हणून रडण्यात काय अर्थ?

एक मात्र बजावून सांगते. हा कार्यक्रम ऐकून उद्या कोणी स्वतः रानात खुडायला जाऊ नका. त्याच पावसात कळलावीही उगवते. फूल देखणं, पण सगळं झाड विषारी, कंद तर फारच. ओळख पटायला वर्षं लागतात. ज्यांना ती आहे, त्यांच्याकडून विकत घ्या. आणि घासाघीस करू नका. ती बाई पहाटे डोंगर चढून पानं खुडते, जुड्या बांधते, चालत खाली येते. तुम्ही पालाच विकत घेताय असं समजू नका. तिची ओळखही घेताय. गिऱ्हाईक नसलं तर तिची मुलगी ती ओळख शिकणार नाही.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्यांनी विचारलं, रानभाज्या रोज खाल्ल्या तर सगळं पोषण मिळेल का? नाही. चव, तंतू, खनिजं मिळतील. प्रथिनांसाठी डाळी, कडधान्यं हवीतच. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा. मुतखड्याचा त्रास असेल तर ऑक्झलेटच्या भाज्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि दूधदुभतंही सोडलं असेल तर बी-12 जीवनसत्त्व वेगळं घ्यावं लागतं, ते भाजीतून मिळत नाही.

दुसरा प्रश्न होता, आई आता कशी आहे? बरी आहे. वजन पूर्ण भरलंय असं नाही, वयही आहे. पण सकाळी पाऊस उघडला की पिशवी घेऊन तीच दारात उभी असते. मावशींना ती आमच्याकडची येसराची आमटी कशी करतात ते सांगते, त्या तिला कंद कसा ओळखायचा ते सांगतात. मी मधे उभी राहून ऐकते.

एवढंच.