शिडी चढण्याआधीची फी

लंडन : इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेच्या छपराची पन्हळ साफ करायची असो की नगरपालिकेच्या इमारतीला रंग द्यायचा असो, छोट्या कंत्राटदाराला दराच्या आधी एक प्रश्न विचारला जातो : आरोग्य आणि सुरक्षेची मान्यता घेतली आहे का? ‘चॅस’, ‘सेफकॉन्ट्रॅक्टर’, ‘कन्स्ट्रक्शनलाइन’ ही या मान्यतांची चलनातली नावं. फी साधारणपणे धंद्याच्या आकारावर ठरते, दरवर्षी भरावी लागते आणि वर वीस टक्के व्हॅट. दोन भाऊ आणि एक व्हॅन एवढाच पसारा असलेल्या धंद्याचीही यातून सुटका नाही.

ही मान्यता ब्रिटनच्या कोणत्याही कायद्याने सक्तीची केलेली नाही.

आरोग्य आणि सुरक्षेचा मूळ कायदा १९७४ चा. त्याआधी १९७२ साली लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने अहवाल दिला होता. जो धोका निर्माण करतो आणि जो त्या धोक्यात काम करतो, मुख्य जबाबदारी त्या दोघांची, हे त्याचं सूत्र. १९७४ साली ब्रिटनमध्ये कामावर ६५१ कामगार दगावले होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा १३८ होता. जुने जीवघेणे उद्योग आटले हे त्यामागचं एक कारण आहेच, पण या कायद्याचं श्रेय कुणी नाकारत नाही. आणि हा कायदा छोट्या माणसाला कागदात बुडवत नाही. पाचपेक्षा कमी कामगार असतील तर सुरक्षेचं धोरण किंवा जोखमीचा आढावा लेखी ठेवण्याचंही बंधन नाही.

कागद मागतो तो काम देणारा. त्याचीही बाजू आहे. २०१५ च्या बांधकाम नियमांनुसार नेमलेला कंत्राटदार त्या कामाला लायक आहे ना, हे पाहणं त्याच्यावर बंधनकारक आहे. चूक सापडली तर सरकारी निरीक्षक २०१२ पासून तपासणीच्या वेळेचे पैसे तासावर वसूल करतात. सुरुवातीचा दर तासाला १२४ पौंड होता. अशा वेळी फाइलमध्ये एक प्रमाणपत्र असलं की साहेब निर्धास्त. मात्र ही निर्धास्ती विकत घेतो कंत्राटदार, स्वतःच्या खिशातून.

प्रमाणपत्र देणारे तपासतात ती मुख्यतः कागदपत्रं : धोरण, जोखमीचा आढावा, प्रशिक्षणाचे दाखले, विमा, अपघातांची नोंद. पन्हळीचंच काम घ्या. शिडी चार फूट वर गेली तर पाया भिंतीपासून एक फूट लांब. शक्यतो वर बांधून घ्यायची. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम असेल तर शिडीऐवजी दुसरी सोय बघायची. वीस वर्षं शिडीवर काढलेल्या माणसाच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. तेच त्याला परीक्षकाला पटेल अशा भाषेत लिहून काढायचं असतं. जमलं नाही तर सल्लागार गाठायचा, त्याची फी वेगळी. नियम फुकाचे नाहीत : २०२३-२४ मधल्या १३८ मृत्यूंपैकी ५० उंचावरून पडून झाले. पण ते रोखते ती नीट लावलेली शिडी, आणि ती बघायला बहुतेक वेळा कुणी येत नाही.

मुळात हेतू चांगला होता. प्रत्येक पालिकेचा वेगळा फॉर्म भरून कंत्राटदार मेटाकुटीला येत, म्हणून १९९७ मध्ये स्थानिक संस्थांमधूनच ‘चॅस’ सुरू झाली. लंडनच्या मर्टन पालिकेकडे तिची मालकी होती. २०२३ मध्ये ती ‘व्हेरिफोर्स’ या अमेरिकी कंपनीकडे गेली. दरम्यान अशा योजनाच इतक्या झाल्या की २००९ मध्ये ‘एसएसआयपी’ नावाचा मंच उभा करावा लागला. एका सदस्य योजनेची तपासणी दुसरीने मानायची आणि कमी फीत आपलं प्रमाणपत्र द्यायचं, असा त्यांचा करार. तो खरोखर उपयोगाचा आहे. तरीही ‘आम्हाला अमुकच हवं’ म्हणणारे ग्राहक आहेतच, आणि मग एकाच शिडीसाठी दोनदा-तीनदा पैसे जातात.

हा भुर्दंड अन्यायाचा आहे. पालिका, शाळा आणि रुग्णालयं जनतेच्या पैशावर चालतात; त्यांनी तरी मंचावरच्या कोणत्याही योजनेचं प्रमाणपत्र बिनशर्त स्वीकारलं पाहिजे. एका दिवसाच्या कामासाठी विम्याचा कागद, शिडी आणि माणूस प्रत्यक्ष पाहिला तर त्यांचं कर्तव्य अधिक चोख पार पडेल.

महाराष्ट्रातून इथे येऊन रंगकामाचा, विजेचा किंवा साफसफाईचा धंदा मांडणाऱ्यांनी एक करावं : फी भरण्याआधी ग्राहकाकडून लेखी विचारून घ्यावं की ‘एसएसआयपी’च्या कोणत्याही सदस्याचं प्रमाणपत्र चालेल का. दुसरं मागितलंच, तर पहिलं दाखवून कमी दराचा आग्रह धरावा.