ह-स-ल : एक धातू, तीन शब्द

माळशिरसच्या तहसील कार्यालयात महसुलाच्या एखाद्या प्रकरणावरून ‘वाद घालून काय हशील?’ असा उद्गार निघाला, तर एकाच अरबी धातूची तीन रूपे एकत्र येतात. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ठरावीक साच्यांत तो घालून शब्द सिद्ध होतात. ‘ह-स-ल’चा अर्थ ‘हाती येणे’. ‘हासिल’ म्हणजे प्राप्त झालेले. त्यावरून मराठी ‘हशील’, म्हणजे लाभ. ‘महसूल’ म्हणजे हाती आलेले उत्पन्न. अरबीत आजही त्याचा अर्थ ‘पीक’ असा होतो, मराठीत मात्र तो सरकारी सारा ठरला. ‘तहसील’ ही मुळात वसुलीची क्रिया; पुढे तो शब्द वसुलीच्या क्षेत्राला व कचेरीला लागला.

‘वसूल’ मात्र या कुळातला नव्हे. त्याचा धातू ‘व-स-ल’, अर्थ ‘पोहोचणे’. म्हणून केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये.

हे शब्द फारसीमार्फत तयार रूपात मराठीत आले; त्यांचे साचे आले नाहीत. त्यामुळे ‘महसूल-महसुलाला’ असे रूप मराठीच्याच नियमाने होते.

स्वाध्याय : ‘हुकूम’ व ‘हाकीम’ यांतील समान व्यंजने शोधून त्यांचा अर्थसंबंध स्पष्ट करा.