ठसा घरीच कोरा, पण आधी गादी घाला

कापडावर ठसा नीट उमटला नाही, की दोष कोरीव कामाला दिला जातो. खरं तर निम्मं काम कापडाखालच्या गादीचं. राजस्थानातल्या सांगानेर-बगरूचे छिपा, म्हणजे कापडावर ठसे छापणारे कारागीर शिसवी ठसे वापरतात, तरी टेबलावर कापडाचे जाड थर अंथरतातच. शिवाय ठशांना हवा निघून जायला भोकं पाडलेली असतात. घरी मोठं खोडरबर आणि कटर पुरे. बटाटा? त्याला पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशी कडा सुरकुततात. मुलांच्या हौसेपुरता ठीक. रबरावर लाकडाइतकी बारीक रेघ येत नाही हे कबूल, पण पान, कोयरी, ठिपक्यांना ती लागते कुठे? रंग मात्र स्पंजवरून टिपून घ्या. आणि नवं सुती कापड आधी धुवा. खळ राहिली तर रंग धरत नाही.