चुकलेल्या स्पेलिंगमागचा शब्द

इंग्रजी स्पेलिंग चुकते, त्यात लिहिणाऱ्याइतकाच त्या भाषेच्या इतिहासाचाही दोष आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत होते. पुढेही ते बदलत राहिले. छापील स्पेलिंग मात्र हळूहळू पक्के झाले. 'नाइफ'मधला 'के' एके काळी उच्चारला जात असे. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी' पंडितांनी लॅटिन मूळ दिसावे म्हणून मागाहून घुसवला. 'आयलंड'मधला 'एस' हीदेखील त्यांचीच देणगी, आणि तीही अनाठायी, कारण तो शब्द मुळात लॅटिन नाहीच.

चुका साधारण दोन प्रकारच्या: कानाच्या आणि बोटांच्या. 'सेपरेट' लिहिताना 'पी'नंतर 'ए'ऐवजी 'ई' पडतो, ती कानाची चूक. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांसाठी बहुधा एकाच 'व'वर भागवणाऱ्या मराठी माणसाची गफलतही याच जातीची.

कानाच्या चुकांवरचा जुना उपाय म्हणजे अमेरिकेतली 'साउंडेक्स' पद्धत. रॉबर्ट रसेलला तिचे पेटंट १९१८ मध्ये मिळाले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या ध्वनीच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. 'रॉबर्ट' आणि 'रुपर्ट' दोघांनाही 'आर-१६३' हाच संकेत मिळतो. जनगणनेतील आडनावे शोधायला ही युक्ती चांगली. पण पहिलेच अक्षर चुकले की ती हात टेकते. 'के' गाळून लिहिलेली 'नाइफ' तिला सापडत नाही.

बोटांच्या चुकांचा हिशेब फ्रेडरिक डामेरो यांनी १९६४ मध्ये मांडला. त्यांनी तपासलेल्या चुकांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका एकाच चुकीच्या पावलाच्या होत्या: एक अक्षर राहिले, एक जास्त पडले, एक बदलले किंवा शेजारची दोन उलटसुलट झाली. रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन शब्दांमधले अंतर असेच मोजतात, पण त्यात अदलाबदलीला वेगळे स्थान नाही. म्हणून घाईत 'द'चे 'टी-ई-एच' झाले, तर डामेरोंच्या हिशेबात ती एक चूक आणि लेव्हेनश्टाइनच्या हिशेबात दोन.

मात्र चुकलेल्या शब्दाच्या जवळचा खरा शब्द एकच असतो असे नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. बेल लॅबमधील कर्निघन, चर्च आणि गेल यांनी १९९० मध्ये चर्चिलेले उदाहरण पाहावे: 'ए-सी-आर-ई-एस-एस'. 'टी' राहिला असे धरले तर 'अ‍ॅक्ट्रेस', शेवटचा 'एस' जास्त धरला तर 'एकर्स', पहिला 'ए' जास्त धरला तर 'क्रेस' (आपला अळीव त्याच कुळातला), पहिली दोन अक्षरे उलटली असतील तर 'करेस', आणि एक अक्षर बदलले असेल तर 'अ‍ॅक्सेस' किंवा 'अक्रॉस'. सहाही शब्द एकाच पावलावर!

यातून निवड करताना दोन गोष्टींचा गुणाकार करतात: तो शब्द एरवी किती वापरात आहे, आणि नेमकी तीच चूक होण्याचा संभव किती. या हिशेबाने 'एकर्स' पुढे आला. प्रत्यक्षात मूळ वाक्य एका गुणी अभिनेत्रीबद्दल होते. आजूबाजूचे शब्द पाहिल्याशिवाय हा निवाडा होत नाही. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडले, तर नुसत्या शब्दकोशाला चूक दिसतसुद्धा नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्राची एक फजिती तर प्रसिद्धच आहे. काही जुन्या शब्दकोशांत 'को-ऑपरेशन' फक्त जोडरेघेसह होते. रेघ नसलेला शब्द दिसला, की प्रोग्रॅम कॅलिफोर्नियातील 'क्युपर्टिनो' गावाचे नाव सुचवी, आणि ते युरोपीय संघाच्या कागदपत्रांतही जाऊन बसले.

मराठी आडनावे आणि गावांची नावे अशा शब्दकोशांत अनेकदा नसतात, म्हणून त्यांच्याखाली लाल रेघ येते. अर्ज, पत्रिका किंवा अहवाल तपासताना ती नावे आधी शब्दकोशात घालून घ्यावीत, आणि 'सगळीकडे बदला' हे बटण त्यानंतरच दाबावे.